ग्रहांची कक्षा लंबवर्तुळाकार का? फक्त भूमितीच्या आधाराने एक मांडणी

कंपासपेटी (धागालेखक)

महाविद्यालयात असताना केप्लरच्या पहिल्या नियमाची (ग्रहाची कक्षा लंबवर्तुळ असते आणि सूर्य तिच्या एका नाभीवर असतो) सिद्धता मी फळ्यावरून वहीत उतरवून घेतली होती. अंतराच्या जागी त्याचा व्यस्त ठेवायचा, अवकल समीकरण सोडवायचे आणि शेवटच्या ओळीत शंकुच्छेदाचे (शंकू कापल्यावर मिळणाऱ्या, लंबवर्तुळासारख्या वक्राचे) समीकरण दिसले की सिद्धता पूर्ण झाली असे लिहायचे. प्रत्येक पायरी बरोबर होती, पण लंबवर्तुळ नेमके कुठून आले हे मला तेव्हा कळले नाही आणि त्याची टोचणी पुढे बरीच वर्षे राहिली. अलीकडे ही सगळी सिद्धता भूमितीच्या वाटेने पुन्हा बसवली, तेव्हा ती टोचणी गेली. ती मांडणी इथे देत आहे. कुठे पायरी निसटली असेल तर जाणकारांनी अवश्य दाखवून द्यावी.

गृहीत धरायच्या गोष्टी दोनच आहेत. बाहेरून कोणी ओढले नाही तर वस्तू सरळ रेषेत एकाच वेगाने जात राहते, आणि सूर्य ग्रहाला स्वतःच्या दिशेने अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ओढतो. बाकी लागते ती शाळेतली भूमिती. केप्लरने पहिले दोन नियम १६०९ मध्ये आणि तिसरा १६१९ मध्ये प्रसिद्ध केला, पण सिद्धतेत दुसरा नियम आधी घ्यावा लागतो, कारण पहिला त्याच्यावरच उभा राहतो.

सूर्य 'स' या बिंदूवर स्थिर आहे असे धरू. ग्रह एका छोट्या कालखंडात 'अ' पासून 'ब' पर्यंत गेला. सूर्याने ओढले नसते, तर पुढच्या तेवढ्याच कालखंडात तो त्याच रेषेवर तेवढेच अंतर कापून 'क' ला पोहोचला असता. सअब आणि सबक या त्रिकोणांचे पाये समान आहेत आणि एकाच रेषेवर आहेत, म्हणून 'स' पासूनची उंचीही एकच आहे आणि क्षेत्रफळे समान आहेत. आता 'ब' पाशी सूर्याने एक झटका दिला असे माना. झटका सूर्याच्या दिशेने असल्यामुळे ग्रह 'क' ऐवजी अशा 'ड' बिंदूला पोहोचतो, की कड ही रेषा बसला समांतर असते. सबक आणि सबड यांचा पाया एक आणि शिरोबिंदू त्या पायाला समांतर रेषेवर, म्हणजे क्षेत्रफळ पुन्हा तेवढेच. कालखंड हवे तितके बारीक करत गेलो की झटक्यांचे अखंड आकर्षण होते, आणि सूर्यापासून ग्रहापर्यंतची रेषा समान काळात समान क्षेत्रफळ व्यापते हा दुसरा नियम हाती येतो. ही युक्ती न्यूटनची आहे. झटका किती मोठा याचा इथे कुठेच उपयोग झालेला नाही. तो सूर्याच्या दिशेने आहे एवढे पुरे झाले. त्यामुळे व्यस्त वर्गाऐवजी दुसरा कोणताही केंद्राभिमुख नियम असता तरी दुसरा नियम टिकला असता.

व्यस्त वर्ग कामाला येतो तो पुढच्या पायरीत, आणि माझ्या मते सगळ्या सिद्धतेचा प्राण तिथेच आहे. कक्षेचे समान काळाचे तुकडे करण्याऐवजी सूर्यापाशी समान कोन होतील असे तुकडे करायचे. अशा एका अरुंद फोडीचे क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि दुसऱ्या नियमानुसार क्षेत्रफळ हेच काळाचे माप असल्याने ती फोड ओलांडायला लागणारा काळही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. आकर्षण मात्र त्याच वर्गाने कमी होते. वेगात पडणारा फरक म्हणजे त्वरण गुणिले काळ, आणि या गुणाकारात अंतर कटून जाते. ग्रह दुप्पट दूर असताना त्याच्यावरची ओढ चौपट कमी असते, पण तेवढा कोन ओलांडायला त्याला चौपट वेळ लागतो. म्हणून समान कोनाच्या प्रत्येक फोडीत वेगातला फरक समान असतो, मग ग्रह जवळ असो की दूर.

आता ग्रहाचे सगळे वेगबाण, म्हणजे वेग आणि त्याची दिशा दाखवणारे बाण, उचलून त्यांच्या शेपट्या 'न' या एकाच बिंदूवर ठेवा आणि टोके क्रमाने जोडा. जोडरेषा म्हणजे वेगातले फरक, आणि ते सगळे समान लांबीचे आहेत. प्रत्येक फरकाची दिशा ग्रहाकडून सूर्याकडे असते, म्हणून एका फोडीकडून दुसरीकडे जाताना ती दर वेळी तेवढ्याच कोनाने वळते. समान बाजू आणि समान वळणे असलेली आकृती म्हणजे सुसम बहुभुज. फोडी बारीक केल्या की त्याचे वर्तुळ होते. ग्रहाच्या कक्षेचा आकार अजून ठरायचा आहे, पण त्याच्या वेगांचे चित्र वर्तुळ आहे हे आताच ठरले. 'न' हा बिंदू त्या वर्तुळाच्या केंद्राशी असलाच पाहिजे असे मात्र नाही.

आता वेगांच्या या चित्राला ग्रहाच्या फिरण्याच्या उलट दिशेने पाव फेरा द्या. वर्तुळाच्या केंद्राला 'म' आणि परिघावरच्या बिंदूला 'प' म्हणू. फिरवण्यापूर्वी वर्तुळाची स्पर्शिका सूर्याच्या दिशेत होती आणि त्रिज्या तिला लंब होती, म्हणून फिरवल्यानंतर मप ही त्रिज्या सूर्याकडून ग्रहाकडे दाखवते आणि नप ही रेषा ग्रहाच्या वेगाला लंब होते. इथून पुढचे काम कागदावर हाताने करून पाहावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ट्रेसिंग पेपरवर १० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून कापून घ्या, केंद्रापासून ४ सेंटिमीटरवर 'न' हा ठळक ठिपका द्या, आणि कड उचलून तिच्यावरचा एकेक बिंदू ठिपक्यावर टेकवत घड्या घाला. प्रत्येक घडी म्हणजे नप या रेषाखंडाचा लंबदुभाजक, म्हणजेच ग्रहाच्या वेगाची दिशा. पंधरा-वीस घड्या झाल्या की मधोमध घड्यांनी वेढलेले लंबवर्तुळ उमटलेले दिसते.

ते लंबवर्तुळच आहे याची सिद्धता थोडक्यात अशी. घडी मप या त्रिज्येला जिथे छेदते त्या बिंदूला 'ट' म्हणू. घडीवरचा बिंदू असल्याने टन आणि टप समान आहेत, म्हणून मट अधिक टन म्हणजे मट अधिक टप, म्हणजे पूर्ण त्रिज्या, आणि ती कायम १० सेंटिमीटर आहे. दोन ठरावीक बिंदूंपासूनच्या अंतरांची बेरीज कायम राहते, म्हणून 'ट' हा 'म' आणि 'न' या नाभी असलेल्या लंबवर्तुळावर आहे. घडीवर दुसरा कोणताही बिंदू 'ठ' घेतला तर मठ अधिक ठप ही बेरीज मप पेक्षा मोठी भरते, कारण त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते. तो बिंदू लंबवर्तुळाच्या बाहेर पडला, म्हणजे घडी लंबवर्तुळाला 'ट' पाशी फक्त स्पर्श करते. ग्रह सूर्यापासून ज्या दिशेला आहे त्या दिशेच्या बिंदूपाशी या लंबवर्तुळाची स्पर्शिका ग्रहाच्या वेगाच्या दिशेतच आहे. म्हणून कक्षाही तशीच, आणि सूर्य तिच्या एका नाभीवर.

अपूर्णांक

मांडणी फार आवडली. कागद घेऊन घड्या घालून पाहिल्या आणि लंबवर्तुळ खरोखर उमटले. पण "म्हणून कक्षाही तशीच" या शेवटच्या वाक्यापाशी मी अडखळलो. कागदावरच्या लंबवर्तुळाची दिशा ग्रहाच्या दिशेशी प्रत्येक कोनाला जुळते एवढेच तुम्ही दाखवले आहे. दिशा जुळल्या म्हणून वक्र जुळले असे कसे म्हणता येईल? 'म' पासूनचे अंतर कागदावर एक आणि आकाशात काही वेगळेच असू शकणार नाही का?

कंपासपेटी (धागालेखक)

आपली शंका रास्त आहे. ती पायरी मी फारच घाईने ओलांडली. 'म' पासून समान आणि अगदी लहान कोनांवर किरण काढा. लागोपाठच्या दोन किरणांमध्ये कागदावरच्या वक्राचा एक त्रिकोण होतो आणि ग्रहाच्या कक्षेचाही एक त्रिकोण होतो. दोन्हींचा शिरोकोन एकच आहे, आणि वक्राने किरणाशी केलेला कोनही एकच आहे, कारण दिशा जुळतात. दोन कोन समान असले की त्रिकोण समरूप. म्हणजे एका किरणावरून पुढच्या किरणावर जाताना अंतर ज्या पटीत वाढते किंवा घटते ती पट दोन्हीकडे सारखीच. सुरुवातीला ग्रहाचे अंतर कागदावरच्या अंतराच्या जितके पट असेल, तितके पट ते पूर्ण फेऱ्यात राहते. कक्षा म्हणजे कागदावरच्या लंबवर्तुळाची मोठी केलेली प्रतिकृती.

शुक्रतारा

वेगांचे चित्र वर्तुळ असते हे वाचल्यावर प्रत्यक्ष आकडे घालून पाहण्याचा मोह आवरला नाही. 'न' मधून जाणाऱ्या व्यासावर एका टोकाला सर्वांत मोठा वेग आणि दुसऱ्या टोकाला सर्वांत लहान वेग येतो. म्हणून या दोघांची सरासरी ही वर्तुळाची त्रिज्या, आणि फरकाचा निम्मा म्हणजे 'न' चे केंद्रापासूनचे अंतर. या अंतराला त्रिज्येने भागले की कक्षेची उत्केंद्रता, म्हणजे नाभींमधले अंतर भागिले दीर्घ अक्ष, मिळते, कारण घड्यांच्या लंबवर्तुळात दोन नाभींमधले अंतर मन आणि दीर्घ अक्ष मप एवढा आहे.

बुध उपसूर्य बिंदूपाशी (सूर्याच्या सर्वांत जवळ) सेकंदाला ५८.९८ किलोमीटर आणि अपसूर्य बिंदूपाशी (सर्वांत दूर) ३८.८६ किलोमीटर वेगाने जातो. त्रिज्या ४८.९२, 'न' चे अंतर १०.०६, आणि भागाकार ०.२०५६. बुधाची उत्केंद्रता नेमकी हीच आहे. पृथ्वीचे वेग ३०.२९ आणि २९.२९, तिच्या वर्तुळाची त्रिज्या २९.७९ आणि 'न' केंद्रापासून जेमतेम अर्धा किलोमीटर प्रतिसेकंद बाजूला. एवढ्याशा फरकामुळे उत्तर गोलार्धात वसंत संपातापासून शरद संपातापर्यंत सुमारे १८६ दिवस आणि उरलेल्या भागात सुमारे १७९ दिवस होतात. हॅलेच्या धूमकेतूची उत्केंद्रता ०.९६७ आहे, म्हणजे त्याचा 'न' बिंदू वर्तुळाच्या कडेला जवळजवळ टेकलेला. म्हणून तो सूर्याजवळ सेकंदाला सुमारे ५४ किलोमीटर वेगाने जातो आणि कक्षेच्या दूरच्या टोकाला एक किलोमीटरपेक्षाही कमी वेगाने रेंगाळतो.

मंगळाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. त्याची उत्केंद्रता ०.०९३ आहे. त्याची कक्षा १० सेंटिमीटर दीर्घ अर्धाक्ष (लांब अक्षाचा निम्मा भाग) घेऊन काढली, तर सूर्य मध्यापासून ९.३ मिलिमीटर सरकलेला दिसतो, पण लघु अर्धाक्ष दीर्घ अर्धाक्षापेक्षा केवळ ०.४४ मिलिमीटरने कमी भरतो. पेन्सिलच्या रेघेची जाडी साधारण तेवढीच असते. टायको ब्राहेच्या दुर्बिणीपूर्व काळातल्या निरीक्षणांवरून केप्लरने एवढा बारीक चपटेपणा हुडकून काढला, याचे मोल मला हे चित्र काढताना पहिल्यांदा उमगले.

जुना शिक्षक

तिसरा नियम राहिला आहे. मी तो वर्गात नेहमी वर्तुळाकार कक्षेसाठी सिद्ध करत असे आणि लंबवर्तुळासाठीही खरा असतो असे सांगून पुढे जात असे. विद्यार्थ्यांपैकी एखादी मुलगी "पण का?" असे विचारी, आणि माझ्यापाशी समीकरणांशिवाय उत्तर नसे. तुमच्या कागदावरून ते उत्तर मिळते असे आता दिसते आहे, म्हणून इथे लिहितो.

ग्रह लघु अक्षाच्या टोकाशी असतानाचा क्षण पाहा. तिथली स्पर्शिका दीर्घ अक्षाला समांतर असते, म्हणून सूर्यापासून तिचे लंबांतर म्हणजे लघु अर्धाक्ष. ग्रह दर सेकंदाला जे क्षेत्रफळ व्यापतो ते या क्षणी वेग गुणिले लघु अर्धाक्ष यांच्या निम्मे आहे, आणि दुसऱ्या नियमाप्रमाणे ते कायम तेवढेच राहते. लंबवर्तुळाचे पूर्ण क्षेत्रफळ म्हणजे पाय गुणिले दोन्ही अर्धाक्ष. भागाकार केला की लघु अर्धाक्ष कटतो आणि परिभ्रमण काळ दीर्घ अर्धाक्षाएवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ भागिले हा वेग इतका उरतो.

हा वेग किती, ते घड्यांच्या कागदावरून कळते. या क्षणी 'ट' हा बिंदू 'म', 'न' आणि 'प' या तिघांपासून समान अंतरावर असतो. म्हणून मप व्यास धरून काढलेले वर्तुळ 'न' मधून जाते आणि मनप हा काटकोन होतो. त्यामुळे नप आणि मप यांचे गुणोत्तर लघु आणि दीर्घ अर्धाक्षांच्या गुणोत्तराएवढे आहे. नप हा आपला वेग आणि मप ही वेगवर्तुळाची त्रिज्या. ही त्रिज्या म्हणजे एकक कोनामागे वेगात पडणारा फरक, आणि तो म्हणजे आकर्षणाचा स्थिरांक (सूर्यामुळे होणारे त्वरण गुणिले अंतराचा वर्ग) भागिले क्षेत्रफळ व्यापण्याच्या दराची दुप्पट. ही दुप्पट आपण वर पाहिली तशी वेग गुणिले लघु अर्धाक्ष इतकी आहे. सगळे एकत्र ठेवले की लघु अर्धाक्ष पुन्हा कटतो आणि वेगाचा वर्ग म्हणजे आकर्षणाचा स्थिरांक भागिले दीर्घ अर्धाक्ष एवढेच राहते. दीर्घ अर्धाक्षाएवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाकार कक्षेतला वेगही नेमका एवढाच असतो.

म्हणजे लंबवर्तुळ कितीही चपटे असो, लघु अक्षाच्या टोकाशी ग्रहाचा वेग त्या वर्तुळातल्या वेगाएवढा असतो आणि पूर्ण फेऱ्याला लागणारा काळही त्या वर्तुळाएवढाच. काळाचा वर्ग दीर्घ अर्धाक्षाच्या घनाच्या प्रमाणात असतो हा तिसरा नियम यातूनच निघतो. मंगळाचा दीर्घ अर्धाक्ष पृथ्वीच्या १.५२४ पट आहे. त्याचा घन ३.५४ आणि वर्गमूळ १.८८. मंगळाचे वर्ष ६८७ दिवसांचे, म्हणजे १.८८ वर्षांचेच आहे.

अपूर्णांक

वर्गातल्या त्या मुलीला हे उत्तर मिळायला हवे होते. लघु अर्धाक्ष दोन वेळा कटतो हे पाहून मी सिद्धता वहीत पुन्हा लिहून काढली.

पूर्वपीठिका

इतिहासाचा एक धागा जोडतो, कारण तो या मांडणीच्या दिशेशी संबंधित आहे. ऑगस्ट १६८४ मध्ये एडमंड हॅले केंब्रिजला न्यूटनकडे गेला आणि व्यस्त वर्गाच्या आकर्षणात कक्षा कशी असेल असे त्याने विचारले. लंबवर्तुळ, असे न्यूटनचे उत्तर होते. त्या भेटीतूनच पुढे १६८७ चा प्रिन्सिपिया हा ग्रंथ झाला. मात्र त्या ग्रंथात सविस्तर सिद्ध केले आहे ते उलट बाजूने: कक्षा लंबवर्तुळ आणि सूर्य नाभीवर असेल तर आकर्षण व्यस्त वर्गाचेच असते. आकर्षणाकडून कक्षेकडे येणारी बाजू तिथे अगदी त्रोटक आहे, आणि १७१० मध्ये योहान बर्नोली याने त्यावर बोट ठेवले होते. या धाग्यातली सिद्धता पहिल्यापासून आकर्षणाकडून कक्षेकडे जाते. वेगांचे चित्र वर्तुळ असते हे एकोणिसाव्या शतकात हॅमिल्टनने मांडले आणि त्या चित्राला होडोग्राफ हे नाव दिले. समान कोनांच्या फोडींची वाट रिचर्ड फाइनमन यांनी १९६४ मधल्या एका व्याख्यानात घेतली होती, कारण न्यूटनने वापरलेले शंकुच्छेदांचे गुणधर्म त्यांना जुळवता येईनात.

शुक्रतारा

आज एक प्रयोग फसला. 'न' वर्तुळाच्या कडेवरच घेतला आणि घड्या घातल्या, तर प्रत्येक घडी केंद्रातूनच गेली. तिथे अन्वस्त (उत्केंद्रता एक असलेला, न मिटणारा वक्र) मिळायला हवा होता ना?

कंपासपेटी (धागालेखक)

प्रयोग फसलेला नाही. 'न' आणि 'प' दोन्ही परिघावर असले की नप ही जीवा होते आणि जीवेचा लंबदुभाजक केंद्रातून जातोच. कागदावरच्या लंबवर्तुळाचा दीर्घ अक्ष आपण नेहमी त्रिज्येएवढाच ठेवतो. उत्केंद्रता एकपर्यंत वाढत जाते तसे ते चपटे होत होत रेषेएवढे उरते. पण घडीची दिशा अजूनही खरीच आहे, आणि आपल्याला दिशाच हवी आहे. म, न, प हा समद्विभुज त्रिकोण आहे, म्हणून घडी नमप हा कोन दुभागते. म्हणजे ग्रहाच्या वेगाची दिशा ही सूर्याकडून ग्रहाकडे जाणारी रेषा आणि मन ही ठरावीक दिशा यांच्यामधल्या कोनाची दुभाजक आहे. नाभीपासून निघालेला किरण अक्षाला समांतर परावर्तित करणाऱ्या आरशाचा गुणधर्म हाच, आणि तो वक्र अन्वस्त.

'न' वर्तुळाच्या बाहेर नेला तर अपास्त (उत्केंद्रता एकपेक्षा जास्त असलेला वक्र) मिळतो. तेव्हा ग्रह वेगवर्तुळ पूर्ण फिरत नाही. 'न' पासून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढल्या, तर त्यांच्या स्पर्शबिंदूंच्या पलीकडचा दूरचा कंसच तो वापरतो, आणि त्या दोन स्पर्शिका म्हणजे अतिदूरवरून येतानाचा आणि अतिदूर जातानाचा वेग. २०१७ मध्ये सापडलेल्या औमुआमुआ या सूर्यमालेबाहेरून आलेल्या वस्तूची उत्केंद्रता सुमारे १.२ होती आणि दूर अंतराळातून येतानाचा वेग सेकंदाला सुमारे २६ किलोमीटर. यावरून वेगवर्तुळाची त्रिज्या सुमारे ४० येते, सूर्याजवळचा कमाल वेग सुमारे ८७, आणि दोन स्पर्शिकांमधला कोन, म्हणजे त्याचा मार्ग एकूण जितका वळला तो कोन, सुमारे ११३ अंश. बाहेरच्या बिंदूपासून वर्तुळाला काढलेल्या दोन स्पर्शिका समान लांबीच्या असतात, म्हणून फक्त सूर्याचे आकर्षण धरले तर तो सूर्यापासून जाताना ज्या वेगाने दूर निघतो तो येतानाच्या वेगाएवढाच असतो.